वासोट्याची बोट आणि वासोट्याची वाट: बामणोलीहून एका दिवसाचा हिशेब

साताऱ्याहून निघून कास पठार मागे टाकलं की रस्ता उतरत उतरत शिवसागराच्या काठाला जाऊन थांबतो. ते बामणोली. साताऱ्यापासून ३५ ते ४० किलोमीटर. इथून वासोटा गडाला जायचं तर गाडीचा उपयोग संपला. कोयनेच्या फुगवट्यातून बोटीने सव्वा-दीड तास जायचं, मेट इंदवलीच्या काठाला उतरायचं, वनखात्याच्या चौकीवर सामान दाखवायचं आणि मग रानातून गडावर चढायचं. बोट, परवाना आणि पायवाट ही तीन वेगवेगळी कामं असली तरी एक बिघडलं की बाकीची दोन बिघडतात, म्हणून तिन्हींबद्दल एकत्रच लिहितोय. आधी निकाल सांगून टाकतो: धरणाचं निळं पाणी, डोक्यावर आभाळ दिसू न देणारं जंगल आणि कोकणात सरळ कोसळणारा कडा, हे तिन्ही एका दिवसात पदरात टाकणाऱ्या वाटा सह्याद्रीत फार थोड्या आहेत, आणि ही त्यातली अव्वल आहे. मात्र सकाळी दोन तास वाया घालवले तर पैसे पूर्ण जातात आणि गड अर्धाच हाती लागतो.

या दिवसाचं वेळापत्रक पाणी ठरवतं, त्यामुळे पाण्यापासूनच सुरुवात करू. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, साठवण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. कोयना महाबळेश्वराहून निघते आणि दक्षिणेकडे सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर वाहते. हेळवाकजवळ पूर्वेला वळून पुढे कराडला कृष्णेला मिळते. धरण त्या वळणाच्या वर असल्यामुळे पाणी दरीत लांबच लांब, चिंचोळं पसरलंय. त्याच्या पश्चिम काठावरची रांग म्हणजे सह्याद्रीची धार, आणि वासोटा त्या धारेवर बसलाय. आता महत्त्वाची गोष्ट. हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे सोडतात, तिथून ते वाशिष्ठीत जातं. म्हणजे पावसाळा संपला की मे अखेरपर्यंत जलाशय उतरतच राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोट झाडीच्या अगदी जवळ लागते. एप्रिल-मेमध्ये तीच बोट पार खाली थांबते आणि उघड्या पडलेल्या तळावरून, भेगाळलेल्या गाळातून, डोक्यावर ऊन घेत चौकीपर्यंत चालावं लागतं. येताना पाय दमलेले असतात, तेव्हा हे अंतर दुप्पट वाटतं. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी दोन्ही वेळचा मिळून अर्धा तास इथे जादा धरावा. आणि उतरण्याआधी बोटवाल्याला एक प्रश्न नक्की विचारावा: "दादा, काठ घट्ट आहे का?" वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो. पाय घोट्यापर्यंत रुतला की बूट ओला होतो, आणि ओल्या बुटात दोन तास चढलं की टाचेला फोड ठरलेला.

बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. इथेच पहिलं गणित चुकतं. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर वाट्याला येणारी रक्कम अगदी वाजवी पडते. दोघेच गेले तर तीच बोट महागडी वाटते. एकट्या-दुकट्याने जायचं असेल तर शनिवार-रविवारी सकाळी लवकर काठावर पोचून एखाद्या ग्रुपमध्ये जागा आहे का ते विचारावं, आणि तेही परवान्याच्या अर्जावर नावं लिहून होण्याआधी. सोमवार ते शुक्रवार तो भरवसा धरू नये. भाडं ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात: जाऊन-येऊन किती, बोट तिकडे किती तास थांबणार आणि उशीर झाला तर जादा काय. दर बदलत असतात, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या आकड्यावर भांडत बसू नये. वनखात्याचे पैसे वेगळे. प्रवेश, कॅमेरा वगैरे मिळून ते बामणोलीच्या कार्यालयात भरायचे. म्हणजे एकाच सहलीचे पैसे दोन ठिकाणी द्यायचे आणि दोन पावत्या सांभाळायच्या. हे एका खिडकीवर होईल तर सकाळचा पाऊण तास वाचेल, आणि या वाटेवर पाऊण तास म्हणजे गडावरचा बाबू कडा निवांत बघणं आणि धावत बघणं यातला फरक आहे.

परवान्यासाठी सगळ्यांची नावं, वय आणि एकाचं तरी ओळखपत्र लागतं. प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स सोबत असलेली बरी. यादी आदल्या रात्रीच कागदावर लिहून, दोन प्रती काढून ठेवावी. ग्रुपमधले सगळे खिडकीशी उभे राहून आपापलं नाव सांगत बसले की वेळ कसा जातो ते कळतही नाही. पैसे रोख न्यावेत, सुट्टे धरून. बामणोलीत रेंज येते-जाते, आणि पैसे भरायच्या वेळेला फोन हातात धरून काठावर फिरणाऱ्यांची गर्दी हे रविवारचं नेहमीचं चित्र आहे.

आता खुद्द बोटीबद्दल. इंजिनाच्या लाँच आहेत, वर छत असतं, दोन्ही बाजूंनी बाकं. वेग बेताचा आणि इंजिनाचा आवाज मोठा. गप्पा मारायच्या तर पुढच्या टोकाला बसावं. पण पहिल्या वीस मिनिटांत गप्पा आपोआप बंद पडतात. थंडीत पाण्यावर धुकं असतं, काठांवर पाणी ओसरल्याच्या एकाखाली एक रेघा दिसतात, पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. बामणोली-तापोळा भागात कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचं पाणी एकत्र येतं, तिथे पात्र एकदम रुंद होतं. या पाण्याखाली जावळीच्या खोऱ्यातली गावं आणि शेतं आहेत. १९६० च्या दशकात धरण भरलं तेव्हा इथल्या माणसांना उठून लांब जावं लागलं. जी काठावर राहिली त्यांच्यातल्या अनेकांचा आज बोट हाच धंदा आहे. म्हणून भाव करताना ताणावं, पण तुटेपर्यंत ताणू नये.

लाइफ जॅकेट घालायला दिलं की बहुतेक जण ते अंगावर नुसतं अडकवतात. तसं घातलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर माणसाला वर आणत नाही, ते एकटंच वर सरकून तोंडापाशी येतं. पट्टे कसे लावायचे ते नीट बघा. आधी खालचा, कमरेचा पट्टा बरगडीखाली ओढून घ्यायचा, मग छातीचा. मग दुसऱ्याला दोन्ही खांद्यांवरून जॅकेट धरून वर ओढायला सांगायचं. हनुवटीला लागलं तर ढिलं आहे, पुन्हा ओढा. बक्कल "कट्" असं वाजलं पाहिजे. उन्हाने पिवळं पडलेलं किंवा दात तुटलेलं बक्कल असेल तर तिथल्या तिथे जॅकेट बदलून मागावं. मुलं असतील तर मुलांच्या मापाचं जॅकेट आदल्या दिवशी फोनवरच मागून ठेवावं, काठावर पोचून शोधाशोध नको. सॅक जॅकेटवरून अडकवून बसू नये, ती पायाशी ठेवावी. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की लाँच कलते. बोटवाला ओरडतो ते उगीच नाही.

सकाळी पाणी तळहातासारखं सपाट असतं. दुपारनंतर दरीतून वारा सुटतो आणि लांबलचक पात्रामुळे लाटांना पळायला भरपूर जागा मिळते. परतीची बोट समोरून वारा आला तर हळू चालते आणि पुढच्या बाकावर पाणी उडतं. फोन, कॅमेरा जाड पिशवीत, आणि ती पिशवी सॅकमध्ये. अंगावर घामाचे कपडे आणि वर हा वारा, म्हणजे डिसेंबरात थंडी चांगलीच वाजते. एक कोरडा शर्ट आणि कानटोपी फक्त बोटीसाठी वेगळी ठेवावी.

मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याची चौकी. इथली प्लास्टिकची तपासणी या सगळ्या सेवेतली आम्हाला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट आहे. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिवड्याची पाकिटं सगळं बाहेर काढून मोजतात, आकडा लिहून घेतात, अनामत ठेवून घेतात आणि परत येताना तेवढेच नग दाखवले की पैसे परत. एक वेष्टण कमी भरलं की अनामत गेली. काही जण वैतागतात, पण याच मोजणीमुळे वासोट्याच्या वाटेवर कचरा इतर गाजलेल्या गडांच्या मानाने फार कमी दिसतो. तरी दहा जणांच्या सॅका उपसून मोजायच्या म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं जातात. उपाय सोपा आहे. स्टीलच्या किंवा जाड, पुन्हा वापरायच्या बाटल्या न्याव्यात. खाऊ बामणोलीतच पाकिटांतून काढून स्टीलच्या डब्यांत भरावा. गोळ्या, चॉकलेटं शक्यतो नेऊच नयेत, कारण त्यांची चिमुकली वेष्टणं खिशातून हमखास पडतात. त्याऐवजी चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर. पोळीभाजी फडक्यात बांधावी. एवढं केलं की चौकीवर पाच मिनिटांत काम होतं. नगांचा आकडा एकाने वहीत लिहून ठेवावा आणि वर गडावरून निघताना एकदा, चौकीच्या अलीकडे एकदा, असं दोनदा मोजावा.

आता वेळेचा हिशेब. बामणोलीहून बोट ८.३० ला सुटली, तर १० च्या सुमारास काठ. चौकी आटपून १०.२० ला पायवाट. बेताच्या चालीने दोन तास, म्हणजे १२.३० ला गडावर. जेवण धरून दीड-दोन तास गड. २.१५ ला उतरायला सुरुवात, ३.४५ पर्यंत खाली, ४ ला बोट, साडेपाचला बामणोली. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे हातात फक्त अर्धा तास शिल्लक. हीच बोट ११ ला सुटली तर काय होतं ते तुम्हीच मांडून बघा. त्यात एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. चढाची वाट गडाच्या पूर्व अंगाला आहे. सूर्य पश्चिमेच्या धारेआड गेला की खाली पाण्यावर ऊन असतानाच या उतारावर सावली येते, आणि दाट रानात त्या सावलीचा चारच्या पुढे अंधार व्हायला लागतो. म्हणून नियम एकच: दुपारी दीडपर्यंत गडावर पोचला नसाल तर जिथे असाल तिथून माघारी. गडाचा दरवाजा दिसत असला तरी. गडावर मुक्काम करता येत नाही. १९८५ पासून हे कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. जुन्या लेखांत गडावर तंबू ठोकल्याची वर्णनं सापडतील, ती आता उपयोगाची नाहीत.

वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही. सुरुवातीला थोडं सपाटीवरून गेलं की ओढा लागतो, जवळच मारुती आणि गणपती आहेत. इथे टोप्या काढून दोन मिनिटं टेकावं, बुटांच्या नाड्या आवळाव्यात, कारण यानंतर चढ सुरू होतो तो नीट थांबतच नाही. ओढ्याचं पाणी पावसाळ्यानंतरचे महिने छान खळखळतं, उन्हाळ्यात त्याच्यावर विसंबू नये. प्रत्येकी तीन लिटर पाणी बामणोलीहूनच न्यावं. त्यातलं एक लिटर उतरताना लागतं. जांभूळ, हिरडा, ऐन, अंजनीची दाट झाडी आहे, वेली जाड दोरखंडांसारख्या लोंबतात. ऊन लागत नाही ही या चढाची मोठी कृपा. पण वारा पण लागत नाही, त्यामुळे घाम निथळतो आणि पाण्याबरोबर मीठही जातं. चढताना पोटरीत गोळे येणाऱ्यांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत वेगळं करून ठेवावं आणि तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत.

पायाखालचं सांगायला हवं, कारण इथे पडणारे बहुतेक जण चढताना नाही, उतरताना पडतात. जानेवारीनंतर वाटेवर वाळलेल्या पानांचा थर साचतो. त्याखाली मुळं असतात आणि सुटे गोल दगड असतात, दोन्ही दिसत नाहीत. अशा ठिकाणी टाच रोवायची नाही. पाऊल पूर्ण सपाट टाकायचं, गुडघा किंचित वाकवून, आणि वजन टाकण्याआधी दगड हलतोय का ते बघायचं. खोल नक्षीचा रबरी तळ असलेले बूट हवेत. गुळगुळीत झालेले धावायचे बूट इथे बर्फावर चालल्यासारखे सरकतात. एक काठी असावी. आधारासाठी झुडपाला हात घालण्याआधी मात्र नजर टाकायची: या रानात हिरवा चापडा आहे, आणि तो फांदीवर फांदीसारखाच पडून असतो. पावसाळा नुकता संपलेला असेल तर जळवा असतात. मोज्यांत पँट खोचून वरून मीठ-तंबाखूची पुरचुंडी ओली करून फिरवली की निभावतं. कोरड्या दिवसांत जळवा जातात आणि गोचीड येतात. संध्याकाळी कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासून बघावं.

गवा, सांबर, अस्वल, शेकरू हे इथले रहिवासी. शेकरू दिसण्याची शक्यता बरी असते, डोक्यावर फांद्या हलल्या की थांबा. बाकीच्यांची चाहूल पायांच्या ठशांवरून आणि शेणावरून. पंचवीस जणांचा ग्रुप ब्लूटूथचा भोंगा लावून चढत असेल तर यातलं काहीच दिसणार नाही, आणि पुढे-मागे चालणाऱ्यांनाही दिसणार नाही. चौकीवर प्लास्टिक मोजतात तसे भोंगेही काढून ठेवून घ्यावेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बऱ्यापैकी चढून आलं की नागेश्वरच्या, म्हणजे शिवलिंग असलेल्या गुहेच्या वाटेचा फाटा लागतो. त्यानंतर कारवीची गच्च झुडपं, मग एकदम मोकळं आभाळ आणि कातळातल्या पायऱ्या. पडक्या दरवाजांतून आत गेलं की समोर बिनछपराचा मारुती. गडाची उंची ११७१ मीटर आहे. वर पाण्याची टाकी, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा, महादेवाचं छोटं देखणं देऊळ असं एवढंच शिल्लक आहे, पण वेळ त्यासाठी राखायचा नाही. दोन टोकांसाठी राखायचा. उत्तरेच्या माचीवर गेलं की रसाळगड, सुमारगड, महिपतगड, चकदेव अशी ओळ दिसते. दुसरं टोक बाबू कडा. हा कडा इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला आहे, समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर अंगावर येतो आणि मधल्या पोकळीत तळ दिसत नाही. दुपारी कोकणातून वर चढणारा वारा इतका जोरात येतो की टोपी उडते ती वर उडते. कड्याला कठडा नाही, काठावर बारीक घसारा आहे. पोटावर झोपून, मागे कुणाला तरी पाय धरायला लावून डोकावावं; उभ्याने सेल्फी घेऊ नये.

गडाला शिवाजीमहाराजांनी दिलेलं नाव व्याघ्रगड. तुरुंग म्हणून तो प्रसिद्ध होता. इतक्या आडरानात ठेवलेला कैदी पळून जाणार कुठे? १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा चढवल्या त्या समोरच्या जुन्या वासोट्यावर, आणि तिथून मारा केल्यावर गड पडला. बाबू कड्यावर उभं राहून समोर बघितलं की गडाचं दुखणं काय होतं ते आपोआप कळतं: शत्रूला बसायला शेजारीच तेवढ्याच तोलामोलाचा डोंगर.

नागेश्वर त्याच दिवशी करावा का? हा प्रश्न हमखास येतो. फाट्यावरून जाऊन-येऊन अडीच-तीन तास जादा लागतात. गुहेतलं शिवलिंग, छतातून ठिबकणारं पाणी आणि तिथून दिसणारी कोकणाची खोली, सगळं जायलाच हवं असं आहे. पण वरचं वेळापत्रक पुन्हा बघा. त्यात तीन तास कुठेच बसत नाहीत. सगळ्यांत पहिली बोट, सहा-सात जणांचा सराव असलेला ग्रुप आणि वासोट्यावर तासाभरापेक्षा जास्त न थांबण्याची तयारी असेल तरच. नाहीतर नागेश्वर खालून, कोकणातल्या चोरवणे गावातून वेगळा करावा. महाशिवरात्रीला तिकडून भाविक चढतात.

पावसाळ्यात ही वाट बंद असते, ऑक्टोबरच्या सुमारास उघडते. उघडल्यावरचे पहिले दोन-तीन रविवार आणि नाताळचा आठवडा टाळावा. बोटींची रांग लागते आणि दिवस तिथेच मोडतो. आमच्या मते नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर, त्यातही मधला वार, हा उत्तम काळ. हवा स्वच्छ असते, ओढ्याला पाणी असतं, बोट झाडीजवळ लागते. मार्चनंतर कोकणाच्या बाजूला धुरकट होतं आणि गडांची ओळ दिसत नाही, म्हणजे चढायचं अर्धं कारणच गेलं.

आदल्या रात्री बामणोलीत पोचणं हाच शहाणपणा. पुणे-मुंबईहून रात्री निघून सकाळी थेट बोटीत बसणारे पुष्कळ असतात, आणि रानातल्या चढावर चक्कर येणारेही बहुधा तेच. साताऱ्याहून एसटी येते, पण तिच्या वेळेवर पहिली बोट गाठायचा बेत करू नये. एसटीने यायचं तर आदल्या दिवशी संध्याकाळीच यावं. गावात घरगुती खोल्या आणि काठाला तंबू मिळतात. तंबू घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक, त्यावर दुसरं, वेगळं छत आहे का. एकपदरी तंबूत पहाटे पाण्याकाठचं दव आणि श्वासाची वाफ मिळून आतून पाणी गळतं आणि अंथरूण ओलं होतं. दोन, खाली फोमची जाड घडी आहे का. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. पांघरूण एक जादा मागून घ्यावं, गोधडी मिळाली तर सोनं. पाठदुखीवाल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी सरळ खोली घ्यावी.

जेवण साधं आणि चोख. तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, आमटी-भात. चुलीवरची भाकरी गरम असेपर्यंतच खावी. दुसऱ्या दिवशीची शिदोरी रात्रीच सांगून ठेवायची आणि आपले डबे तेव्हाच देऊन ठेवायचे. नाहीतर सकाळी सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून हातात येतं आणि चौकीवर तुमचे नग वाढतात. शिदोरीत भात नको, दुपारपर्यंत आंबूस होतो. पोळी किंवा भाकरी, सुकी भाजी, कांदा, गूळ. दही-ताकाचं काही नको.

महाबळेश्वरहून येणाऱ्यांना तापोळ्यालाही बोट मिळते. पण तापोळा वरच्या अंगाला आहे, त्यामुळे पाण्यावरचं अंतर वाढतं, वेळही वाढतो, भाडंही. नुसतं पाण्यात फिरायचं असेल तर तापोळा छान. गड चढायचा असेल तर बामणोलीच.

कुणी जाऊ नये हेही सांगितलं पाहिजे. गुडघ्याचं दुखणं असेल, दम्याचा त्रास असेल, तर इथला चढ अवघड म्हणून नव्हे, तर मदत लांब आहे म्हणून विचार करावा. वाटेवर मोबाइलला रेंज धरू नये. कुणाचा घोटा मुरगळला तर झोळी करून खाली आणायचं, मग दीड तास बोट, मग साताऱ्यापर्यंत घाटरस्ता. म्हणजे डॉक्टरपर्यंत पोचायला चार-पाच तास. सॅकमध्ये दोन क्रेप बँडेज, एक चादर, दोन बॅटऱ्या आणि शिट्टी एवढं हवंच. चादर झोळीसाठी. चालायची सवय असलेली सात-आठ वर्षांची मुलं आरामात चढतात. त्याहून लहान मुलांना पाठीवर घेऊन उतरण्याचा बेत या पानांच्या उतारावर धोक्याचा आहे. खाली काठावर बसून राहतो म्हणणाऱ्यांनीही नीट ठरवून यावं, कारण तिथे सहा तास बसायला चौकी आणि झाडाची सावली याखेरीज काही नाही. आणि बायका-मुलींनी हे गृहीत धरावं की बामणोली सोडली की परत बामणोलीपर्यंत भरवशाची स्वच्छतागृहाची सोय नाही. इतकी माणसं येणाऱ्या ठिकाणी चौकीजवळ ही सोय पक्की हवी, आणि प्रवेशाच्या पैशांतून ती सर्वांत आधी व्हायला हवी.

परतताना चौकीवर नग मोजून दाखवायचे, अनामत घ्यायची, आणि बोटीत बसण्याआधी डोकी मोजायची. वर चढलेल्या सगळ्यांची नावं सकाळच्या यादीत आहेतच. दुसरी प्रत त्यासाठीच काढलेली होती.